फोड नेमका कुठे आहे

डॉक्टरांनी कागदावर दोनच शब्द लिहिले होते. ‘बॉइल, फेस.’ चेहऱ्यावर फोड. खाली सही आणि सहीखाली शिक्का. त्या दोन शब्दांमुळे ती फाइल सोमवारपासून माझ्या टेबलावर पडून होती. ती पुढं सरकायची तर मला एक फोन करायचा होता, आणि तो मी करत नव्हते.

मी क्रांती चौकाजवळच्या एका खाजगी रुग्णालयात मेडिकल कोडिंगचं काम करते. हे काम काय असतं ते मला घरी कधी नीट सांगता आलेलं नाही. आई शेजारणींना सांगते, “दवाखान्यात कॉम्प्युटरवर नंबर टाकते,” आणि ते काही चूक नाही. पेशंट घरी गेला की त्याची फाइल आमच्या खोलीत येते. डॉक्टरांनी जे निदान लिहिलं असेल त्याला एक ठरलेला कोड असतो, एक अक्षर आणि पुढं आकडे. तो शोधायचा आणि लावायचा. विमा कंपनी आधी तो कोड बघते.

ऐकायला सोपं आहे. पण चेहऱ्यावरचा फोडच घ्या. तो गालावर असेल तर त्वचेच्या आजारांच्या प्रकरणात जातो. नाकावर असेल तर श्वसनाच्या. ओठावर असेल तर पचनाच्या, पापणीवर असेल तर डोळ्यांच्या. तळहाताएवढ्या जागेत कोडांच्या पुस्तकाची चार प्रकरणं येतात. शिवाय एकाच केसाच्या मुळाशी आलेला साधा फोड, तीनचार मिळून झालेला मोठा, आत पू साठलेलं गळू, नाहीतर नुसती लाल होऊन पसरत चाललेली सूज, या सगळ्यांचे कोड वेगळे. ‘बॉइल, फेस’ एवढ्यावर कोड लावायचा म्हणजे पाकिटावर नुसतं आमच्या भागाचं नाव, ‘मुकुंदवाडी’, लिहून पोस्टात टाकण्यासारखं.

आमच्या सीनियर मॅडमनी पहिल्याच दिवशी दोन नियम सांगितले होते. “आपण डॉक्टर नाही. आपल्याला काय वाटतं ते इथं कुणी विचारलेलं नाही. लिहिलंय तेवढंच वाचायचं.” हा पहिला. दुसरा म्हणजे, कळलं नाही तर डॉक्टरांना विचारायचं, पण उत्तर त्यांच्या तोंडात घालायचं नाही. ‘फोड नाकावरच होता ना, सर?’ असं विचारलं की घाईतला माणूस ‘हो हो’ म्हणून मोकळा होतो. ‘फोड नेमका कुठे होता?’ एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. “गप्प बसणं तुला जमेल,” मॅडम म्हणाल्या होत्या. “विचारणं जमवावं लागेल.”

त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं. मी इंग्रजी माध्यमात शिकले, घरात मराठी. शाळेत तोंड उघडण्याआधी वाक्य मनात दोनदा तपासून बघायची सवय लागली. पुढं ती मराठीलाही लागली. वाक्य तयार होईपर्यंत बोलणं दुसरीकडं गेलेलं असतं. मग मी लोकांचे चेहरे बघत बसते. ऑफिसला जाताना शेअर रिक्षात समोरच्या माणसाच्या हनुवटीवर पुळी दिसली की माझ्या मनात कोड येतो. हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

ज्या डॉक्टरांना फोन करायचा होता ते नाक-कान-घशाचे सर्जन. त्यांनी आमच्यातल्या एकीला फोनवर विचारलं होतं, “काय लिहिलंय ते वाचता येत नाही का तुम्हाला?” ती रडली नव्हती, पण नंतर बराच वेळ पाण्याची बाटली उघडझाप करत बसली होती. म्हणून मी ती फाइल रोज सगळ्यात खाली ठेवत होते.

त्याच आठवड्यात आमच्या घरी एक फोड आला.

माझी मामेबहीण पोलीस भरतीच्या तयारीसाठी आमच्याकडं राहायची. मामाचं गाव पैठणकडं, तिथं शेती, आणि ही त्या घरातून शहरात आलेली पहिली मुलगी. माझ्यापेक्षा लहान, पण घरात आवाज तिचाच. पहाटे मैदानावर पळायला जायची, आल्यावर अंगणात गोळाफेकीचा सराव करायची, आणि वाळत घातलेल्या कपड्यांच्या खाली गोळा पडला की आई ओरडायची. मागच्या भरतीत ती गोळाफेकीत थोडक्यात गेली होती. या वेळी मामानं सांगून टाकलं होतं, ही शेवटची. झालं तर झालं, नाहीतर स्थळं बघायला घेणार. शनिवारी सकाळी तिचं मैदान होतं, म्हणजे पळण्याची आणि गोळाफेकीची चाचणी. तिचं हॉल तिकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं.

बुधवारी सकाळी ती पळून आली तेव्हा नाकाच्या खाली, ओठाच्या वर, उजव्या बाजूला लाल गाठ दिसली.

“केसतोड हाय,” तिनंच सांगितलं. “दोन दिसांत फुटतंय, आत्या.”

आईनं तिची हनुवटी धरून उजेडाकडं केली. आईचंही एक कोडांचं पुस्तक आहे, फक्त ते लिहिलेलं नाही. पुटकुळी वेगळी, पुळी वेगळी. केसाच्या मुळाशी येतो तो केसतोड. पिकून लिबलिबीत होतं ते गळू. आणि काळपुळी म्हटलं की आई आवाज खाली करते, कारण तिच्या काकांना मानेवर झाली होती. तिचं निदान सहसा चुकत नाही. तिच्या पुस्तकात एकच गोष्ट नव्हती. फोड चेहऱ्यावर नेमका कुठे आहे, हे ती विचारात घेत नव्हती.

“केसतोडच आहे,” आई म्हणाली. “दाबू नको मात्र.”

“न्हाई दाबत.”

मी तिच्या ओठाकडं बघत होते. तिनं पाहिलं.

“काय बघायलीस गं ताई? नंबर टाकायलीस का माझ्या तोंडावर?”

आई हसली, मीही हसले. पण मला गेल्या वर्षीची एक फाइल आठवत होती. जाड, दोन रबरबँड लावलेली. पहिल्या पानावर वरच्या ओठावरचा फोड, घरी दाबलेला. पुढं डोळ्यांचे डॉक्टर, मग मेंदूचे डॉक्टर, मग अतिदक्षता विभागाची पानंच पानं. शेवटच्या पानावर ‘डिस्चार्ज’ असायचा त्या जागी दुसराच शब्द होता. माणूस माझ्याच वयाचा होता. त्याचे सगळे कोड मीच लावले होते.

पण असे फोड शेकड्यांनी येतात आणि जातात, हेही मला माहीत होतं. आपण डॉक्टर नाही. मी डबा घेतला आणि ऑफिसला गेले.

गुरुवारी संध्याकाळी आले तर तिच्या ओठावर खपली होती आणि न्हाणीच्या खिडकीत एक सेफ्टी पिन पडली होती, टोकाशी काळी झालेली. आई तव्यावर हळद-तेल घातलेल्या कणकेची पोटीस गरम करत होती. ओठ आदल्या दिवसापेक्षा जास्त सुजला होता.

“डॉक्टरला दाखवायचं का?” मी म्हणाले. माझ्या मानानं हे बरंच मोठ्यानं होतं.

“केसतोडाला डॉक्टर?” ती म्हणाली. “तिथं सुई देतेल, गोळ्या देतेल, अंग ढिलं पडंल. मैदान झाल्यावर ने मला कुठंबी.”

“गरम पोटीस बसली की निचरा होतो,” आई म्हणाली. तिच्या हातातला कपडा वाफाळत होता. माझ्याकडं सांगण्यासारखं बरंच होतं आणि वाक्य तयार नव्हतं.

शुक्रवारी मी ऑफिसात दिवसभर चुका केल्या. एका माणसाच्या डाव्या पायाचा कोड उजव्याला लावला. मॅडमनी ती फाइल परत आणून टेबलावर ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. “बरं नाही का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बरी आहे.

घरी आले तेव्हा दिवे लागायचे होते. ती खोलीत स्कार्फ बांधून बसली होती, मैदानाला निघाल्यासारखी. वरचा ओठ ताठ होऊन चमकत होता. पण माझं लक्ष गेलं ते डोळ्याकडं. उजव्या डोळ्याची पापणी भरून आली होती.

“त्या कुशीवर झोपले व्हते,” मी विचारायच्या आधीच ती म्हणाली.

आई चहा घेऊन आली. “ताप नाही ना गं?”

“न्हाई.”

“डोकं दुखत नाही ना?”

“न्हाई, आत्या.”

“उद्या पळशील ना?”

“पळते की. पळायला काय झालंय.”

मी ऐकत उभी होते. आईच्या प्रत्येक प्रश्नात उत्तर आधीच घातलेलं होतं. बहीण फक्त ते उचलून परत देत होती. हेच तर मॅडम म्हणायच्या. आणि आईलाही नेमकी तीच उत्तरं हवी होती, कारण उद्या मैदान होतं.

तिनं चहाचा कप घ्यायला हात पुढं केला. बोटं कपाच्या शेजारी ट्रेवर टेकली.

“कप सरकवला काय कुणी?” असं म्हणून ती हसली. दुसऱ्या खेपेला हात बरोबर पडला. आईनं ते पाहिलं नाही. ट्रॅकपँटच्या खिशातून तिनं एक गोळी काढली आणि चहाबरोबर गिळली, तेही आईनं पाहिलं नाही. तापाची गोळी होती. पट्टी जवळजवळ रिकामी झालेली.

तिला सरळ विचारून उपयोग नव्हता. ‘तुला दोन दोन दिसतात का?’ असं विचारलं असतं तर ती नाहीच म्हणाली असती, आणि वर मलाच वेड्यात काढलं असतं. मी म्हटलं, “गच्चीवर चल. कपडे काढायचेत.”

आमच्या गच्चीवरून मुकुंदवाडीचं स्टेशन दिसतं, आणि अलीकडचा रस्ता. ती एक हात कठड्यावर ठेवून जिना चढली. एरवी ती दोन दोन पायऱ्या टाकत जाते. वर गेल्यावर मी कपड्यांना हात लावला नाही. कठड्याजवळ उभी राहिले आणि म्हणाले, “खाली काय दिसतंय?”

“काय दिसायचंय? रोजचंच.”

“काय काय दिसतंय ते सांग.”

“का?”

मी गप्प बसले. गप्प बसणं मला जमतं. समोरच्याला ते जड व्हायला लागतं आणि मग तो बोलतो, हे मी आयुष्यभर उलट्या बाजूनं अनुभवलं होतं.

“टेशन दिसतंय,” ती वैतागून म्हणाली. “रूळ. ते पिवळं कुत्रं. दूधवाले चाललेत दोघं, सायकलवर, शेजारी शेजारी. आज जोडीनं आलेत काय?”

रस्त्यावर एकच दूधवाला होता.

तो सावकाश चालला होता, मागं दोन्ही बाजूंना किटल्या लावलेला. तो वळणापलीकडं दिसेनासा होईपर्यंत मी त्याच्याकडं बघत राहिले, कारण तिच्याकडं बघायचा धीर होत नव्हता. पण तिनं माझा चेहरा पाहिलाच. तिनं तळहातानं उजवा डोळा झाकला आणि रस्त्याकडं बघितलं. हात काढला. पुन्हा झाकला.

“आत्याला सांगू नको,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“सकाळपासून. ताई, ऐक. उद्या तेवढं हू दे. पळायला एक डोळा बास हाय. गोळ्याला तर डोळाच लागत न्हाई, नुसता दंड लागतोय.” तिच्या आवाजात नेहमीची मस्करी आणायचा प्रयत्न होता आणि तो मध्येच तुटत होता. “लई डोकं दुखायलंय. पण सकाळपर्यंत धरते मी. तू बोलू नको फक्त. तू कुठं बोलतीस तशी?”

मी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी गेले आणि फोन काढला. सर्जनचा नंबर सोमवारपासून त्यात होता. तीनचार रिंग झाल्या तेव्हा वाटलं, उचलू नये त्यांनी.

“कोण?”

मी नाव सांगितलं, डिपार्टमेंट सांगितलं.

“कोडिंग? आत्ता? उद्या करा.”

“सर, फाइल नाही. घरी पेशंट आहे. माझी बहीण. चेहऱ्यावर फोड आहे.”

“नेमका कुठे?”

ज्या प्रश्नासाठी मी आठवडाभर फोन टाळला होता तोच त्यांनी मला विचारला.

“नाकाच्या खाली, वरच्या ओठावर, उजव्या बाजूला. बुधवारी आला. काल पिननं फोडला. आज त्या बाजूची पापणी सुजली आहे. ताप असावा, गोळ्या घेऊन लपवतेय. डोकं खूप दुखतं. आणि रस्त्यावर एक माणूस असताना तिला दोन दिसतात.”

मग ते वेगळ्याच आवाजात बोलले. “वाट बघू नका. आत्ता निघा. मी खाली सांगून ठेवतो. फोडाला आता कुणी हात लावायचा नाही.”

खाली आल्यावर मी आईला सांगितलं. नीट सांगता आलं नाही, तुकड्यातुकड्यानं सांगितलं. आईचा चेहरा उतरला, पण ती भाचीकडं बघून म्हणाली, “उद्या सकाळीच तर मैदान आहे. दुपारपर्यंत मोकळी होईल. मग लगेच जाऊ. तिचं सगळं ह्याच्यावर आहे गं. दादा पुन्हा नाही पाठवायचा तिला.”

“मैदान पुन्हा येईल,” मी म्हणाले.

“तुला काय म्हाईत?” बहीण माझ्या अंगावरच आली. “तुझं कधी मैदान व्हतं का? खुर्चीवर बसून नंबर टाकायचे, एसी लावून. कुणाला किती दुखतंय ते तुला कागदावर दिसतंय. मला न्हाई यायचं.”

ते बऱ्यापैकी खरं होतं. मी दाराशी गेले. तिथं तिचे पळायचे बूट ठेवलेले होते, उद्यासाठी ब्रशनं घासलेले, आत कागदाचे बोळे. ते मी काखेत मारले, पर्स घेतली आणि जिना उतरायला लागले.

“ताई! बूट ठेव माझे!”

मी थांबले नाही.

“आत्या, बघ की, बूट घेऊन चालली येडी!”

ती चपला घालून माझ्या मागं आली, भिंतीला हात लावत. तिच्या मागं आई, कुलूप हातात घेऊन. कोपऱ्यावर एक रिक्षा उभी होती. मी आत बसले आणि बूट मांडीवर धरून ठेवले.

“बूट दे.”

“बस. देते.”

ती बसली. आई दुसऱ्या बाजूनं बसली. आयुष्यात मी कुणालाही असं अडवलेलं नव्हतं.

“जालना रोडपे बहोत जाम है बाजी,” रिक्षावाला म्हणाला. “अंदरसे लेता हूँ.” आरशात त्यानं तिचा चेहरा बघितला आणि मग खड्डा आला की हळू करत राहिला.

ती पूर्ण वाटभर उजवा डोळा मिटून बसली होती. अर्ध्या रस्त्यात तिला हुडहुडी भरली. आईनं तिच्या कपाळाला हात लावला आणि झटक्यानं काढला. मग पुन्हा लावला आणि तसाच ठेवला.

“तू माझं मैदान खाल्लंस, ताई,” ती डोळा न उघडता म्हणाली. मी बूट आणखी घट्ट धरले.

सर्जन खालीच उभे होते. फोनवरच्या आवाजाच्या मानानं फारच बुटके. त्यांनी तिला बसवलं, बॅटरी डोळ्यात मारली, बोट उजवीकडं नेलं. तिचा डावा डोळा बोटाबरोबर गेला. उजवा मध्येच अडकला. हे बाजूला उभं राहून मलाही दिसलं.

“फोड दाबला होता?” त्यांनी विचारलं.

“न्हाई, सर.”

ते थोडे थांबले. “बरं. काय केलं होतं त्याला?”

“पिनंनं फोडला. पण पिन गॅसवर धरली व्हती.”

त्यांनी मान हलवली आणि आईला समजावलं, साध्या भाषेत. नाकाच्या मुळापासून, म्हणजे दोन भुवयांच्या मधून, ओठाच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत एक त्रिकोण काढा. या त्रिकोणातल्या शिरा डोळ्याच्या मागून मेंदूजवळ जातात. इथला फोड दाबला की घाण बाहेर यायच्याऐवजी कधीकधी तिकडं जाते. तिकडं रक्ताची गाठ धरली की डोळा जाऊ शकतो. जीवही. “केसतोडच आहे हो,” ते म्हणाले, “तुम्ही ओळखलंत ते बरोबर आहे. जागा वाईट आहे.”

आई पदर तोंडावर धरून ऐकत होती.

“सर,” बहीण मध्येच म्हणाली, “सलाईन लावून सकाळी पळून येऊ का? आठशे मीटरच हाय.”

ते हसले नाहीत. “पळशील तू. परत येशील का ते मला सांगता येत नाही.”

मग स्कॅन झाला. डोळ्यामागच्या शिरेत गाठ धरायला सुरुवात झाली होती. सुरुवातच होती, असं ते दोनदा म्हणाले. औषधं शिरेतून सुरू झाली आणि आम्हाला बाहेर बसवलं. बूट अजून माझ्याकडंच होते.

शनिवारी सकाळी मला आत सोडलं तेव्हा ती जागी होती, भिंतीवरच्या घड्याळाकडं तोंड करून. त्या वेळी मैदानावर मुली छातीवर नंबर लावून रांगेत उभ्या असणार. तिनं माझ्याकडं बघितलं, मग दुसऱ्या कुशीवर वळली. मी बूट पलंगाखाली ठेवले आणि ऑफिसच्या मजल्यावर गेले. पुढं कितीतरी दिवस ती आईशी बोलली, नर्सशी बोलली, खालच्या कँटीनवाल्याशीही बोलली. माझ्याशी नाही.

ती घरी आल्यावर काही दिवसांनी तिची फाइल आमच्या खोलीत आली. मॅडमनी ती माझ्या हातातून काढून घेतली. “घरच्यांची फाइल आपण करायची नाही. मी बघते.” त्यांनी शेवटचं पान उघडलं आणि कपाळावर हात मारला. पान माझ्याकडं फिरवलं. शिरेतल्या गाठीबद्दल स्वच्छ लिहिलं होतं, औषधं लिहिली होती, आणि सगळ्यात वर, मूळ आजाराच्या जागी, तेच दोन शब्द होते. ‘बॉइल, फेस.’

“कोड मी लावते,” मॅडम म्हणाल्या. “फोन तू कर.”

मी केला.

“सर, फोड नेमका कुठे होता?”

“तुम्हीच तर मला सांगितलं होतं!”

“मी सांगितलेलं चालत नाही, सर. तुम्ही लिहायला लागतं.” मग ते फोन ठेवायच्या आत मी म्हणाले, “आणि अजून एक फाइल आहे. आधीपासून पडलेली. त्यातही तेच लिहिलंय.”

ते काहीतरी पुटपुटले. पण दुपारी दोन्ही कागद दुरुस्त होऊन आले.

घरी मात्र काही दुरुस्त झालं नव्हतं. मैदान गेलं ते गेलंच. ती दिवसभर डोळ्यावर पट्टी बांधून बसायची. डॉक्टर म्हणाले होते, डोळ्याची नस हळूहळू सावरेल, पण नक्की सांगता येत नाही. आईनं मामाला फोन केला आणि मी आजवर ऐकला नव्हता अशा आवाजात बोलली. “पोरगी वाचलीय. आता तिच्यापुढं स्थळांचं नाव काढू नको, दादा.” मामानं हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. डोळा बरा होऊ दे, मग बघू, म्हणाला. म्हणजे पुन्हा सगळं त्या डोळ्यावर आलं.

एका संध्याकाळी मी गच्चीवर कपडे काढत होते. ती वर आली, सावकाश, कठडा धरून. पट्टी काढलेली. ओठावर एक छोटा खड्डा राहिलाय, तो तसाच राहणार. ती माझ्यापासून थोडी लांब उभी राहिली.

“काय नंबर दिला गं माझ्या फोडाला?”

मी सांगितला. फाइल मॅडमनी केली हेही सांगितलं.

“मैदानावर न्हाई भेटला. तुमच्याकडं तरी भेटला नंबर.” तिनं नाक उडवलं. खाली स्टेशनवर कुणीतरी नळ चालू ठेवला होता, त्याचा आवाज येत होता. “विचार की आता.”

“काय विचारू?”

“तेच. त्या दिशी विचारलं व्हतंस ते.”

माझ्या हातात कपड्यांचा गठ्ठा होता. तो खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. “काय दिसतंय?”

तिनं मान वळवून आधी माझ्याकडंच बघितलं. “दोन ताया दिसायल्यात. एकीनंच डोक्याला लई ताप दिलाय, आता दुसरी कशाला.”

माझं तोंड उतरलं असणार, कारण तिनं लगेच हात हलवला. “मस्करी गं. थांब.”

ती कठड्यावर दोन्ही हात टेकून खाली वाकली. मी तिच्या उजव्या डोळ्याकडं बघत होते. रस्त्यावर काही हललं की तो डाव्याबरोबर हलतोय का, एवढंच. दूरवरून सायकल येत होती.

“दूधवाला हाय,” ती म्हणाली. तिनं डोळा झाकला नाही. “एकच हाय. उजव्या बाजूच्या किटलीला झाकण न्हाई, कापड बांधलंय.”

मी बघितलं. मला ते कापड दिसायला सायकल आणखी बरीच जवळ यावी लागली.